महालिंगप्पांचा सोमवार

येडशीच्या स्टेशनासमोर भूमची एस्टी घरघरत उभी होती, आणि शिवगंगेला हातातला दांडा काही केल्या वर चढवता येईना. तीन हात लांब, मनगटाएवढा जाड लोखंडी दांडा, त्यावर जुन्या धोतराचं गुंडाळं. बलभीमनं सायकलवर घालून तो इथवर आणून दिला होता आणि मालकांना कळायच्या आत माघारी पळाला होता. ज्यांचा दांडा होता त्या ईटच्या सिताबाई टपावर जायच्या शिडीकडं बघत नुसत्या "आता गं बाई" म्हणत होत्या. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

"सरका जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

बार्शीकडची छोट्या लाइनीची गाडी नुकतीच लागली होती. तिच्यातून उतरलेला एक उंच तरुण पत्र्याची पेटी खाली ठेवून पुढं आला. अंगात पांढराशुभ्र सदरा. त्यानं एका दमात दांडा खांद्यावर घेतला, शिडी चढला, दांडा टपावर नीट बांधला आणि खाली उतरला. उतरला तेव्हा सदऱ्याच्या खांद्यावर वंगणाचा हा एवढा काळा डाग.

"अगं बाई… सदरा गेला की तुमचा," शिवगंगा म्हणाली. "घासलेट लावा लगेच. थांबलात तर बसला तो कायमचा."

"बसू दे," तो हसला. "येडशीची ओळख म्हणून राहील."

हसताना त्याच्या उजव्या गालावर तेवढी एक खळी पडली. एकाच गालावर… शिवगंगेनं उगीचच नजर एस्टीच्या चाकाकडं वळवली. एस्टी गेली, धुरळा बसला, आणि त्यानं विचारलं की महालिंगप्पांचा कारखाना कुठं आहे.

त्याच कारखान्यातून तर तो दांडा गुपचूप बाहेर आला होता. तिनं त्याला सडकेनं जायला सांगितलं, लांबच्या वाटेनं. स्वतः निऱ्या सावरत बांधावरून अशी पळाली की तो फाटकात पोचला तेव्हा बाईसाहेब कारखान्यातल्या आपल्या टेबलाशी खाली मान घालून चिठ्ठ्या लिहीत होत्या. तो समोर येऊन थबकला. तिनं वर बघून हळूच म्हटलं, "आपण आधी भेटलोय म्हणून कुणाला सांगू नका."

त्याला वाटलं, लाजाळू पोरगी आहे, परक्या माणसाशी स्टँडवर बोलली म्हणून लोकांना भीत असेल. तो मान डोलावून गप्प बसला. भला माणूस. पण या भलेपणापायी पुढं दोन महिने त्याचा जीव टांगणीला लागणार होता, ते त्याला काय ठाऊक.

महालिंगप्पा हे शिवगंगेचे सख्खे मामा. वडील गेल्यावर ती आणि तिची आई शिवम्मा त्यांच्याच घरी, कारखान्याच्या मागच्या अंगाला राहात. शिवगंगा मॅट्रिक झाली आणि मामांनी तिला कारखान्यातल्या कामाच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक ऐरण, एक लेथ, भोकं पाडायचं एक मशीन आणि रंगाचं एक छप्पर. यंत्रांना फिरवणारं एकच इंजिन. पण तिथं काय बनत नव्हतं ते विचारा. नांगराचे फाळ, बैलगाडीच्या धावा, उसाचे चरक, खिडक्यांचे गज, पिठाच्या गिरणीचे दांडे. माणूस दारात येऊन जे मागेल ते.

आणि मागेल त्याला मामा एकच उत्तर द्यायचे. सोमवारी.

महादेवाचा वार. मामा सोमवारचा उपास धरायचे, नवं काम सोमवारी घ्यायचे, झालेलं काम सोमवारी द्यायचे. त्यात त्यांच्या जिभेला 'नाही' हा शब्द वळतच नव्हता. फाळ हवाय, सोमवारी या. चरक मोडलाय, सोमवारी बघू. कुठला सोमवार ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. भूमच्या बाजारात तर त्याची म्हणच होऊन बसली होती. कुणाच्या पोरीचं लग्न रखडलं की बायका हसून म्हणायच्या, होईल गं, महालिंगप्पांच्या सोमवारी.

सिताबाई ईटहून पाच सोमवार येऊन गेल्या होत्या. विधवा बाई, गावात पिठाची गिरणी, तिचा दांडा मोडलेला. पाचव्या सोमवारी त्या नुसत्या पायरीवर बसून भाकरी खाऊन परत गेल्या. शिवगंगेला ते बघवलं नाही. मामा दुपारी एकला जेवून आडवे होत. तेवढा तासभर लेथवर सिताबाईंचं काम घे, असं तिनं बलभीमला सांगितलं. बलभीम हा लेथवरचा कारागीर, हात सोन्याचा आणि मन मेणाचं. तो म्हणाला, "घेतो की. पर मालकाला कळालं तर माझं कामच जाईल, ताई. त्येंच्या शब्दाबिगर इथं खिळा बी हालत न्हाय." मग ती कुणाला न कळता लेथच्या त्या तासापुढं कागदावर भलतंच काम लिहायला लागली. एक सिताबाई झाल्या, दुसरा कुणी आला, तिसरा आला… दर दुपारचा तो एक तास चोरीचा झाला.

आणि सिताबाईंचा दांडा निघाला नेमका त्याच दिवशी स्टँडवरचा तो तरुण, बसवराज, आला होता.

महाराष्ट्र होऊन वर्ष भरायचं होतं. जिल्ह्यातल्या शाळांसाठी चारशे बाकांचे लोखंडी सांगाडे करायचं काम मामांना मिळालं होतं. पाडव्यापर्यंत दोनशे द्यायचे, बाकीचे शाळा उघडायच्या आधी. इतकं मोठं काम बाकीच्या शंभर कामांत कसं बसवायचं, याचं डोकं मामांकडं नव्हतं, म्हणून त्यांनी सोलापूरहून हा तरुण आणला. एका गिरणीत त्यानं कामाच्या आखणीचं खातं सांभाळलं होतं. पाडव्यापर्यंत बघू, असं मामा म्हणाले. निदान तेव्हा सोमवार म्हणाले नाहीत.

पहिल्या आठवड्यात बसवराजनं एक भली मोठी फळी भिंतीला ठोकली. तिच्यावर पाच आडव्या खाचा, भट्टीपासून रंगापर्यंत एकेकाची एकेक. उभ्या रेघा दिवसांच्या. प्रत्येक कामासाठी बांबूची एकेक कामटी, काम जेवढ्या तासांचं तेवढी लांब. फाळांची लाल, चरकाची हिरवी, बाकांची निळी.

"हा आपलाच कारखाना आहे," तो शिवगंगेला म्हणाला. "फक्त याच्यात चूक झाली तर लोखंड वाया जात नाही. आधी इथं हलवून बघायचं, मग तिथं. आता बघा, सगळ्या कामांची वाट या एका लेथच्या दारातून जाते. बाकाला चार बोल्ट, बोल्टांना आटे लेथवर. चरकाचा कणा लेथवर. भट्टी मोकळी बसते, रंगवाला मोकळा बसतो, आणि इथं…"

"इथं घोडं पेंड खातं," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग खळी पडली.

इंजिन सुरू असलं की त्या कारखान्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. सगळी बोलणी चिठ्ठीवर. चिठ्ठीला तीन रकाने, काम, कोण आणि कधी. पंधरा दिवसांत त्या रकान्यांना वेगळंच वळण लागलं. तिच्या टेबलावर एक चिठ्ठी यायची – काम: चहा. कोण: बसवराज. कधी: ताबडतोब. ती खाली लिहून पाठवायची – ताबडतोबची चार कामं आधीच आहेत, नंबर लावा. मग तो खरंच फळीवर एक इवलीशी पिवळी कामटी लावून ठेवायचा, त्या चार कामांच्या मागं. बलभीम फाइल घासता घासता दोघांकडं बघायचा आणि मिशीत हसायचा.

माघ सरला. एका सुट्टीला तो रामलिंगच्या जंगलातल्या देवळाला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत पळसाचं फूल होतं, भडक केशरी, आणि खाली चिठ्ठी. काम: फूल. कोण: रामलिंगच्या वाटेवरचं. कधी: सुकायच्या आत. तिनं ते सुकू दिलंच. सुकल्यावर जपून ठेवता येतं, एवढंही त्या शहाण्याला कळू नये?

पण फळी काही जुळेना. रोज संध्याकाळी लेथ मागं पडायचा. कधी तासभर, कधी थोडा जास्त. बसवराजनं घड्याळ लावून बलभीमचा हात मोजला, हात चोख होता. मग त्यानं कामट्यांची लांबी बदलली, कामांचा क्रम बदलला, सकाळचं दुपारी केलं. पण पुन्हा येरे माझ्या मागल्या. तो दुपारी एकला स्टेशनाजवळच्या खाणावळीत जेवायला जायचा, आणि ज्या तासाला तो नव्हता नेमका तोच तास त्याला सापडत नव्हता. कागदावर तर सगळं सरळ होतं. कागद शिवगंगेच्या हातचे होते.

एकदा संध्याकाळी इंजिन थांबल्यावर तो फळीसमोर उभा राहून म्हणाला, "रोज एक तास कुठंतरी गळतो. भांड्याला भोक आहे, आणि मला दिसत नाही. गिरणीतही माझी आखणी फसली होती, लोक हसले. ही दुसरी खेप. इथं जमलं नाही तर परत कोण विचारणार मला?"

शिवगंगेनं वही पुढं ओढली. काय सांगणार? सांगावं तर बलभीमची भाकरी जाते, सिताबाईंसारखे लोक परत सोमवारच्या पायरीवर येतात. न सांगावं तर हा माणूस डोळ्यांदेखत खचतो. रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगू. सकाळी तो हसून चिठ्ठी पाठवायचा, आणि तिचा धीर सुटायचा.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा सांगाडे झाले होते एकशे चाळीस. बसवराज सगळ्यांदेखत मामांपुढं उभा राहिला. इंजिनावर आवाज काढून म्हणाला की बलभीमचा दोष नाही, कुणाचाच नाही, आखणी माझी चुकली, मी उद्याच्या गाडीनं जातो. मामा पानाला चुना लावत बसले. बसवराज फळीकडं गेला आणि एकेक कामटी काढून खाली ठेवायला लागला. निळ्या काढल्या, लाल काढल्या. चहाच्या पिवळ्या कामटीपाशी त्याचा हात थांबला.

तेवढं बघितलं आणि शिवगंगेच्यानं राहवलं नाही. तिनं चिठ्ठी ओढली. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं. उठून तिनं ती स्वतः त्याच्या हातात दिली.

काम: रोज एक तास लेथ. कोण: मी. कधी: तुम्ही जेवायला जाता तेव्हा.

त्यानं ती दोनदा वाचली. मग बाहेर निघून गेला. ती मागोमाग गेली. मागच्या लिंबाखाली इंजिनाचा आवाज जरा कमी होता.

"दोन महिने," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "दोन महिने मला वाटतंय, मलाच येत नाही. तुम्ही समोर बसून बघत होतात."

"बलभीमला काढतील, म्हणून मी…" ती अडखळली. मग मान वर केली. "नाही. ते अर्धंच खरं. तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला. रोज सांगणार होते आणि रोज तुमची चिठ्ठी यायची… मला ती हवी असायची. चुकलं माझं."

लिंबाचा मोहर दोघांच्या डोक्यांवर पडत होता आणि झटकायचं कुणाला सुचत नव्हतं.

"पहिला दांडा तुमच्याच खांद्यावरून गेला," ती हळूच म्हणाली. "स्टँडवर. तोच सिताबाईंचा."

त्यानं खांद्याकडं बघितलं. तोच सदरा होता, डाग होता तिथंच होता. ओठ घट्ट मिटून ठेवायचा त्यानं फार प्रयत्न केला, पण खळी कुणाच्या बापाचं ऐकते?

"या कामांची नोंद आहे कुठं?"

होती. वेगळी वही होती, उशाखाली ठेवलेली. ती तिनं आणून दिली आणि तो तिथंच मुळावर बसून वाचत गेला. अठ्ठावन्न कामं. कोण आलं, काय मोडलं, कुठला वार दिला, कुठल्या वारी दिलं. तो पान उलटत राहिला, मग परत मागं गेला.

"एकही वार चुकलेला नाही?"

"मी कुणाला सोमवार देत नाही," शिवगंगा म्हणाली.

आता मात्र तो मोठ्यानं हसला. वही घेऊन तडक आत गेला, काढलेल्या कामट्या परत खाचेत बसवल्या. मग एक कोरी, बिनरंगाची कामटी तोडली आणि लेथच्या खाचेत रोज दुपारी एकच्या जागी लावत गेला. पाडव्यापर्यंत, पाडव्याच्या पुढं, थेट फळीच्या टोकापर्यंत. बाकीची कामं तिच्या अलीकडं पलीकडं सरकवली. बोल्टांचं सगळं काम सकाळी एकत्र घेतलं, म्हणजे लेथची जुळणी रोज चारदा बदलायला नको.

मामा पान चघळत मागं येऊन उभे राहिले. कोऱ्या कामटीवर बोट ठेवून त्यांनी खुणेनंच विचारलं, ही कुणाची? बसवराजनं बलभीमला खूण करून इंजिन बंद करायला लावलं. इतक्या वर्षांत भर दुपारी तिथं अशी शांतता कधी झाली नव्हती.

"दारात येईल त्याची," बसवराज म्हणाला. "अप्पा, माणसं येणारच, आणि तुम्ही नाही म्हणणार नाही. मी आखणीत माणसांना जागाच ठेवली नव्हती. चूक ती होती."

शिवगंगा पुढं झाली. म्हणाली की चोरी माझी आहे मामा, बलभीमला काही बोलू नका, काय बोलायचं ते मला बोला.

मामांनी सावकाश पान थुंकलं. "मी झोपतो, गंगव्वा," ते म्हणाले. "कान झोपत नाहीत. बोल्टाला लेथ वेगळा बोलतो, दांड्याला वेगळा. तीस वर्षं ऐकतोय. माझ्या तोंडून गेलेला शब्द मला पाळता येईना, तू पाळत होतीस. कुठल्या तोंडानं अडवू? बघत होतो, तू आधी सांगतेस का हा आधी शोधतो." मग बसवराजकडं वळून म्हणाले, "दोनशे कधी होतील?"

बसवराजनं फळीवर बोट फिरवलं. पाडव्याला नाही, त्यानंतर नवव्या दिवशी. मामांनी उस्मानाबादला माणूस धाडून नऊ दिवसांची मुदत मागून घेतली. आणि नवव्या दिवशी दुपारी, ऊन टळटळत असताना, दोनशेवा सांगाडा रंगाच्या छपराखाली वाळत उभा होता. बलभीमनं त्याच्यावर बसून बघितलं आणि ढुंगणाला निळा रंग लावून घेतला.

एवढं झाल्यावर बसवराजला धीर आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन थांबल्यावर तो हातपाय धुऊन, भांग पाडून मामांसमोर आला. वडीलधारी माणसं घेऊन रीतसर येईनच, पण आधी तुमच्या कानावर घालतो, म्हणाला. शिवगंगेला मागणी घालायची आहे. तुमची आणि शिवम्मांची ना नसेल तर कधी येऊ?

शिवगंगा टेबलाशी होती. टाक दौतीतच राहिला.

मामांचा चेहरा खुलला, डोळे भरून आले, सगळं झालं… आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "या की. सोमवारी या."

बलभीमची फाइल थांबली. बसवराजचा चेहरा तर बघवेना. सबंध जिल्ह्याला ठाऊक होतं त्या सोमवारचं, कारखान्यातल्या माणसाला नसेल?

शिवगंगेनं आजवर मामांचा शब्द कधी तोंडावर मोडला नव्हता. जे केलं ते पाठीमागं, चिठ्ठीआड. ती उठली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज स्वच्छ निघाला.

"मामा, सोमवार नको. याची तारीख मी देते. बुधवार, दुपारी एक."

मामा दचकले, मग स्वतःच्याच मांडीवर थाप मारून हसत सुटले. बसवराज वळला. फळीपाशी गेला, बुधवारची कोरी कामटी काढून तिच्यापुढं ठेवली, आणि तिनं टाकानं तिच्यावर दोन नावं लिहिली. शाई पसरली थोडी, पण वाचता येत होती.

बुधवारी बारालाच बसवराजचे काका-काकू गाडीनं उतरले. ईटहून सिताबाई आल्या, त्यांच्या गिरणीतलं गव्हाचं पीठ घेऊन, पोळ्यांना म्हणून. कुणी कळवलं त्यांना, तर बलभीमनं. "गंगाबाईनं दिल्याला वार चुकत न्हाय," त्या शिवम्मांना सांगत होत्या, "म्या एक दिस आधीच दळून ठिवलं." बरोबर एकला लेथ बंद झाला आणि बसवराज ओसरीवर येऊन बसला. अंगात तोच पांढरा सदरा, खांद्यावर तोच डाग.

शिवम्मांचा जीव खालीवर झाला. पाहुण्यांसमोर जावई डागाळलेल्या सदऱ्यात? त्यांनी आत येऊन लेकीला हळूच म्हटलं, घासलेटचा बोळा दे, पुसून घेऊ दे त्यांना.

शिवगंगा दाराआडून त्याच्याकडं बघत होती, आणि तो तिच्याकडं.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "तो आता निघायचा नाही."